चित्रफीत पुसू नका, तिच्यासोबत स्वतःही पुढे या

कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

एखाद्या दंगलीची, मारहाणीची, जाळपोळीची किंवा तोडफोडीची तुम्ही स्वतः काढलेली चित्रफीत तुमच्या मोबाईलमध्ये असेल, तर ती पुसू नका. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन नवा घ्यायचा बेत असेल, तर तो चार दिवस पुढे ढकला. तुमच्या दुकानाच्या, सोसायटीच्या किंवा तालमीच्या सीसीटीव्हीत रस्त्यावरचं काही टिपलं गेलं असेल, तर त्याची प्रत आजच काढून घ्या. डीव्हीआरची डिस्क भरली की तो जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहीत जातो. कुठे हे आठवड्यात घडतं, कुठे महिन्यात. कोणी मुद्दाम काही न करताही पुरावा आपोआप नाहीसा होतो. हे आवाहन घाईने करतो आहे ते त्यासाठी.

जिल्हा न्यायालयात वकिली करताना एक चित्र वारंवार पाहतो. अन्याय झालेला माणूस मोबाईल पुढे करून म्हणतो, "साहेब, सगळं यात आहे, बघा." मी बघतो. त्यात खरोखर सगळं असतं. मग विचारतो, "हे काढलं कोणी?" उत्तर येतं, "ग्रुपवर आलं होतं." ग्रुपवर कोणी टाकलं? माहीत नाही. ज्याने टाकलं त्याला कुठून मिळालं? तेही माहीत नाही. अख्ख्या गावाने पाहिलेली घटना कोर्टात उभी करायची म्हटलं, तर हातात काहीच उरत नाही.

14 जुलै 2024 चा दिवस आठवा. विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्ध आंदोलन होतं आणि गडाच्या वाटेवरच्या गजापुरात मुसलमानवाडीतील घरांवर, वाहनांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्या दिवशीच्या चित्रफिती संध्याकाळपर्यंत जिल्हाभर फिरल्या. पाचच दिवसांनी, 19 जुलैला, गडावरच्या पाडकामाविरुद्धचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायमूर्तींनाही अशा चित्रफिती दाखवण्यात आल्या. न्यायालयाने भर पावसाळ्यातलं पाडकाम थांबवलं आणि शाहूवाडीच्या पोलिस अधिकाऱ्यांना हजर राहायला सांगितलं. चित्रफितीची ताकद तेव्हा दिसली. पण अर्जाच्या सुनावणीत चित्रण दाखवणं वेगळं आणि फौजदारी खटल्यात ते शाबीत करणं वेगळं. खटल्यात ते उलटतपासाला सामोरं जातं, आणि तिथे ग्रुपवर आलेली चित्रफीत टिकत नाही. दोषी कोण आणि निर्दोष कोण, हे न्यायालयच ठरवेल. त्याबद्दल मी इथे चकार शब्द काढणार नाही. न्यायालयाला ते ठरवता यावं एवढं सामान त्याच्यापुढे पोहोचलं पाहिजे, इतकंच माझं म्हणणं आहे.

मोबाईलच्या चित्रणावर न्यायालयं कितपत विश्वास ठेवतात, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. नेदरलँड्समधल्या हेग शहरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. नरसंहार, युद्धगुन्हे असे खटले तिथे चालतात. भारत त्याचा सदस्य नाही, तरी तिथल्या अनुभवातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे. 15 ऑगस्ट 2017 रोजी या न्यायालयाने लिबियातील महमूद अल-वेरफल्ली या लष्करी अधिकाऱ्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. बेनगाझी परिसरात सात प्रसंगांत 33 माणसांना ठार केल्याचा आरोप होता आणि त्याचा मुख्य आधार होता समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रफिती. सर्वांना उघड दिसणाऱ्या चित्रणावर एवढा भार टाकलेलं असं वॉरंट त्या न्यायालयाने आधी काढलं नव्हतं. पण खटला उभाच राहिला नाही. 2021 मध्ये बेनगाझीतच अल-वेरफल्ली मारला गेला. वॉरंटला पुरलेलं चित्रण शिक्षेलाही पुरलं असतं का, हे कधीच तपासलं गेलं नाही.

तपासलं गेलं ते दुसरीकडे. 17 जुलै 2014 रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं एमएच-17 हे विमान युक्रेनच्या आकाशात क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि 298 माणसं गेली. क्षेपणास्त्राची गाडी रस्त्याने जाताना वाटेतल्या साध्यासुध्या लोकांनी तिचे फोटो आणि चित्रफिती काढल्या होत्या. बचाव पक्षाने या चित्रणाच्या खरेपणावर शंका घेतली. नेदरलँड्सच्या न्यायालयाने एकेका चित्रफितीवर विसंबून निकाल दिला नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून टिपलेली दृश्यं, पकडलेली फोन संभाषणं, मोबाईल टॉवरच्या नोंदी आणि साक्षीदारांचे जबाब एकमेकांना दुजोरा देतात का, हे त्याने पाहिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये तिघांना जन्मठेप झाली आणि चौथा सुटला. हा चौथा सुटला म्हणूनच मला त्या निकालाबद्दल आदर वाटतो. चित्रण कितीही दाहक असलं तरी ते प्रत्येक आरोपीपर्यंत पोहोचतं का, हा प्रश्न त्या न्यायालयाने सोडला नाही.

स्वीडनमधला एक खटला तर प्रत्येक मोबाईलधारकाला माहीत असायला हवा. सीरियात 2012 साली सात कैदी सैनिकांना गोळ्या घालतानाची चित्रफीत होती आणि त्यात दिसणारा एक माणूस पुढे स्वीडनमध्ये आश्रयाला आला होता. पकडला गेल्यावर त्याने सांगितलं की, त्या सैनिकांवर रीतसर खटला चालला होता, मी फक्त शिक्षेची अंमलबजावणी केली. हे खोडायचं कसं? सैनिक पकडले गेले त्या हल्ल्याच्या आणि त्यांच्या हत्येच्या नोंदी इंटरनेटवर कधी पडल्या, त्या वेळा न्यायालयाने जुळवून पाहिल्या. मध्ये दोन दिवसही गेले नव्हते. एवढ्यात कसला रीतसर खटला? 2017 मध्ये त्याला जन्मठेप झाली. चित्रात दिसणाऱ्या गोष्टीइतकंच महत्त्व ते चित्र कधीचं आहे याला आलं. आपण फॉरवर्ड करताना नेमकी तीच माहिती गमावतो.

कशी, ते सांगतो. मोबाईलने काढलेल्या मूळ फाईलमध्ये चित्राबरोबर तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार आणि लोकेशन चालू असेल तर जागाही नोंदली जाते. तीच फाईल व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवली की ॲप ती दाबून लहान करतं आणि ही बहुतेक माहिती गळून पडते. अँड्रॉइड फोनवर तिचं नावही बदलतं. नावात 'डब्ल्यूए' ही अक्षरं आणि फाईल ज्या दिवशी फोनमध्ये आली तो दिवस येतो. घटना कालची आणि नावात तारीख आजची, असं झालं की उलटतपासात बचावाच्या वकिलाचं काम सोपं होतं, आणि ते काम करणं हा त्याचा हक्कच आहे. वर कोणी गाणं घातलं, कोणी "बघा यांची करणी" अशी पट्टी लावली, कोणी नको तो भाग कापला, की तो तुकडा भावना भडकवायला कामाचा राहतो. न्यायाला त्याचा उपयोग उरत नाही.

कापलेला तुकडा काय करू शकतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती व्हावी म्हणून लहानशी फिल्म केली होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलून नेतात, मग परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. शेवटचा भाग कापून उरलेली चित्रफीत मुलं पळवणाऱ्या टोळीची म्हणून भारतभर फिरली. अशा अफवांच्या दिवसांत 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोट भरायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. म्हणून तपासणारा आधी विचारतो, कॅमेरा सुरू होण्यापूर्वी काय झालं आणि बंद झाल्यावर काय? ज्याने चित्रण केलं तोच हे सांगू शकतो. त्यासाठी तो समोर असावा लागतो.

न्यायालयांची ही मागणी नवी नाही. 29 नोव्हेंबर 1945 रोजी न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी छळछावण्यांची फिल्म दाखवली गेली. फिल्मच्या आरंभीच शपथपत्रं होती. छायाचित्रण कोणाच्या देखरेखीखाली झालं ते एकाने शपथेवर सांगितलं. मूळ चित्रात काहीही फेरफार झालेला नाही, असं फिल्मच्या एका जाणकाराने शपथेवर सांगितलं. आता आपल्याकडचा भारतीय साक्ष्य अधिनियम पाहा. 1 जुलै 2024 पासून तो लागू आहे, म्हणजे गजापूरची घटना त्याच्याच अमलात येते. त्याच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा पहिला भाग तो पुरावा ज्याच्या ताब्यातल्या यंत्रातून आला त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. ऐंशी वर्षांत यंत्रं पार बदलली, पण न्यायालयाला हवी असलेली माणसं तीच दोन राहिली.

इथे हेग आणि कोल्हापूर यांच्यातला एक फरक नीट ध्यानात घ्या. हेगच्या न्यायालयात प्रमाणपत्राची अशी सक्ती नाही. पुरावा प्रस्तुत आहे का, त्यातून कितपत शाबीत होतं आणि त्यामुळे आरोपीवर अन्याय तर होणार नाही ना, हे न्यायाधीश तोलतात आणि बहुतेक वेळा अखेरच्या निकालात त्याचं वजन ठरवतात. तिथे चित्रफीत आत सहज येते, पारख पुढे कडक होते. आपल्याकडे मात्र उंबऱ्यावरच अडवणूक आहे. प्रतीसोबत प्रमाणपत्र नसेल, तर त्या चित्रणात काय आहे हा प्रश्न येतच नाही.

जालन्याच्या खटल्याने हे पक्कं केलं. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर अवघ्या 296 मतांनी कैलास गोरंट्याल यांच्यापुढे निवडून आले. 27 सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत उमेदवारी अर्ज भरायची मुदत होती. खोतकरांचा अर्ज त्यानंतर आला, असा गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण हा त्याचा मोठा आधार होता. चित्रण सरकारी कॅमेऱ्याचं, म्हणून प्रमाणपत्रही सरकारी अधिकाऱ्याकडूनच यायला हवं होतं. पुन्हा पुन्हा मागूनही ते मिळालं नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 जुलै 2020 रोजी न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन, रवींद्र भट आणि व्ही. रामसुब्रमणियन यांनी निकाल दिला की, प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि ज्याच्या हातात प्रमाणपत्र देणं आहे तो देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. गोरंट्याल यांनी करता येण्यासारखं सगळं केलं होतं, म्हणून त्यांना त्या अटीतून सूट मिळाली. पण गजापुरातल्या किंवा शहरातल्या एखाद्या गल्लीतल्या गरीब माणसाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसं जायचं? त्याच्यासाठी तुमचं प्रमाणपत्राचं एक पान पुरेसं आहे.

काहींना वाटेल की, आता नकली चित्रण कोणीही बनवू शकतं, मग असल्या पुराव्याला अर्थ काय. मला उलट वाटतं. कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा आणि आवाज बनवता येऊ लागल्यापासून खऱ्या चित्रणातला आरोपीही सहज म्हणू शकतो, "हा मी नव्हेच, संगणकाने केलंय." त्याला उत्तर द्यायला मूळ फाईल, मूळ फोन आणि काढणारा माणूस, या तिन्हींची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. आणि आरोपी निरपराध असेल, त्याला खोट्या चित्रफितीत गोवलं असेल, तर त्यालाही हीच मागणी वाचवते. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये दुरून व्हायरस सोडून पत्रं घुसवली गेली, असा अहवाल अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी प्रयोगशाळेने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. कोणाची बाजू खरी हे न्यायालय बघेल. पण यंत्र हाती येताच फाईलची ओळख नोंदवून ठेवणं दोन्ही बाजूंच्या हिताचं असतं, हे या वादाने शिकवलं.

या ओळखीला हॅश म्हणतात. फाईल एका गणिती प्रक्रियेतून नेली की अंक आणि अक्षरांची एक लांब ओळ मिळते. चित्रातला एक ठिपका जरी बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. नव्या प्रमाणपत्रात ही ओळ लिहिण्यासाठी जागाच ठेवलेली आहे. संगणक जाणणारा कोणताही मुलगा किंवा मुलगी पाच मिनिटांत ती काढून देईल. घटना घडल्यावर जितक्या लवकर ती कागदावर येईल, तितकं चांगलं.

म्हणून हात जोडून सांगतो, इतकं करा. मूळ फाईलला हात लावू नका. कापणं, उजेड वाढवणं, पट्टी लावणं काही नको. तिची एक प्रत तारेने जोडून पेन ड्राइव्हवर घ्या आणि मूळ फाईल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपने पाठवणं अटळच असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. एका वहीत लिहून ठेवा: कुठे उभं राहून काढलं, तोंड कोणत्या दिशेला होतं, आधी काय घडलं, नंतर काय घडलं, शेजारी कोण होतं. आठवण ताजी असताना लिहिलेली चार वाक्यं पुढे साक्षीच्या वेळी किती उपयोगी पडतात, हे मी पाहिलं आहे. सीसीटीव्हीचं चित्रण घेताना डीव्हीआरवरचं घड्याळ मोबाईलच्या घड्याळाशी ताडून पाहा. बहुतेक डीव्हीआर पाच-दहा मिनिटं पुढेमागे असतात, काहींची तर तारीखच चुकलेली असते. फरक लिहून ठेवा, घड्याळ दुरुस्त करायला जाऊ नका. आणि मोबाईलने स्क्रीनचं चित्रण करून मूळ चित्रण सोडून देऊ नका, ती प्रत फार दुबळी ठरते.

भडकाऊ स्टेटसची गोष्ट आणखी अवघड. जून 2023 मध्ये काही तरुणांच्या स्टेटसवरून शहर पेटलं. 7 जूनला बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस 24 तासांनी निघून जातं आणि मागे उरतात दुसऱ्यांनी काढलेले स्क्रीनशॉट. ते खरे की बनवलेले, हा वाद मग संपत नाही. असं काही दिसलं तर ते पसरवू नका. कोणत्या नंबरचं, किती वाजता दिसलं, ते टिपून ज्या फोनवर दिसलं तो फोन घेऊन पोलिसांत जा. इंटरनेट कंपन्यांच्या भरवशावरही राहू नका. 2017 मध्ये यूट्यूबच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने सीरियातल्या अत्याचारांच्या चित्रफिती हिंसक म्हणून मोठ्या संख्येने काढून टाकल्या. ज्या माणसांनी जीव धोक्यात घालून त्या जगापुढे आणल्या, त्यांच्याकडे कित्येकदा दुसरी प्रत नव्हती.

आता सगळ्यात अवघड मागणी. चित्रफितीबरोबर तुम्ही स्वतः पुढे या. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या सीएसटीवर सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या वृत्तछायाचित्रकारांनी गोळीबारात जीव मुठीत धरून फोटो काढले. नंतर दोघेही विशेष न्यायालयात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, फोटो आम्ही काढले असं सांगितलं आणि उलटतपास झेलला. सर्वोच्च न्यायालयानेही 2012 च्या निकालात त्यांच्या कामाची दखल घेतली. दहशतवादी कसाबचा तिथला फोटो पुरावा ठरला, त्यामागे त्यांची ती साक्षही होती.

भीती वाटते, हे मला कळतं. आपल्याच गल्लीतल्या, आपल्याच तालमीतल्या माणसाविरुद्ध बोलायचं, उद्या त्याच रस्त्याने पोरं शाळेत जायची. पोलिस फोन घेऊन जातील आणि तो परत मिळणार नाही, हीही धास्ती असते. फोन जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात हॅश लिहून घ्या आणि सुपुर्दनाम्यावर फोन परत मिळावा म्हणून वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करा. जिवाची भीती असेल, तर डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिच्यानुसार जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येतं. ओळख गुप्त ठेवण्यापासून घराजवळ पोलिस ठेवण्यापर्यंत उपाय तिच्यात आहेत. अर्ज सरकारी वकिलांच्या कार्यालयामार्फत जातो.

शहाजी लॉ कॉलेजच्या आणि शिवाजी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना, तसंच माझ्या तरुण वकील मित्रांना वेगळी विनंती आहे. दर शनिवारी दोन तास द्या. लोकांना प्रमाणपत्राचा पहिला भाग भरायला, हॅश काढायला, टिपण लिहायला मदत करा. फी घेऊ नका. धर्म, जात, पक्ष विचारू नका. जखमी पोलिसालाही मदत करा, जळालेल्या दुकानाच्या मालकालाही आणि चुकून पकडल्या गेलेल्या पोरालाही. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी या जिल्ह्यातल्या वकिलांनी आणि नागरिकांनी चाळीसहून अधिक वर्षं लढा दिला. न्यायमूर्ती आता सहा जिल्ह्यांच्या दाराशी आले आहेत. त्यांच्यापुढे ठेवायला पुरावा आपल्याकडे असला पाहिजे.

ग्रुप ॲडमिननाही सांगतो, चित्रफितीतले चेहरे ओळखा अशी मोहीम ग्रुपवर चालवू नका. त्यात निरपराध माणूस भरडला जातो आणि खऱ्या साक्षीदाराची ओळख परेडही निकामी होते, कारण "तुम्ही फोटो आधीच ग्रुपवर पाहिला होता" हे एक वाक्य बचावाला पुरतं. अत्याचार झालेल्या स्त्रीचं किंवा लहान मुलाचं चित्रण तर कोणालाही पाठवू नका. ते थेट पोलिसांकडे द्या आणि पोच घ्या.

14 जुलै 2024 चं गजापूरच्या वाटेवरचं किंवा 7 जून 2023 चं शहरातलं, स्वतःच्या हाताने काढलेलं चित्रण ज्यांच्याकडे अजून मूळ फोनमध्ये आहे, त्यांनी आज रात्री तो फोन चार्ज करून चालू करून पाहावा. फाईल उघडते का ते बघावं, फोन रीसेट होणार नाही अशा जागी ठेवावा, आणि सोमवारी सकाळी तपास अधिकाऱ्याकडे, तिथे संकोच वाटत असेल तर विश्वासाच्या वकिलाकडे, वहीतल्या त्या चार वाक्यांसह जावं.